खांदेरीच्या पाण्यात

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून होडी सुटली की आधी उंदेरी बेट लागतं, मग खांदेरी. मधलं पाणी उथळ आणि खडकाळ, त्यामुळे नाखवा भरती पाहूनच निघतो. 1679 मध्ये याच पाण्यात शिवाजी महाराजांचं आरमार इंग्रजांना भिडलं. ती झुंज समजून घ्यायची तर इथे होडीतूनच यायला हवं.

मुंबई इथून उत्तरेला जेमतेम 20 किलोमीटर. बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला याहून मोक्याची जागा नाही. म्हणून त्या वर्षी पावसाळा सरायच्या आतच महाराजांचे आरमारी अधिकारी मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर माणसं उतरवून तट बांधायला घेतला. इंग्रजांनी लगेच नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर चढू पाहणारा त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. 18 ऑक्टोबरला महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान आरमार घेऊन चालून आला. अर्ध्या तासाच्या आत इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. पण एकट्या ‘रिव्हेंज’ने तोफा डागत मराठी गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे मागे रेटलं. तो दिवस मराठ्यांचा नव्हता, हे मान्य करायला हवं.

पण खरी लढाई रात्री चालली होती. मराठ्यांच्या होड्या हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या, थोड्या पाण्यातून सहज जाणाऱ्या. अंधारात त्या बेटावर रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की बघत राहायची. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही इंग्रजांच्या मदतीला आला, तरी तटाचं काम थांबलं नाही. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने मात्र जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली. समोरासमोरच्या दोन बेटांवर दोन वैरी, ही अवस्था खांदेरीच्या बुरुजावर उभं राहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

बुरुजावर आजही गाड्यांवर चढवलेल्या तोफा आहेत. वेताळाच्या देवळात कोळी बांधव श्रद्धेने येतात. टेकडीवर 1867 चं दीपगृह उभं आहे. मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, 1718 मध्ये, इंग्रज पुन्हा इथे चालून आले आणि हात हलवत परतले.

2025 मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. अलिबागला आलेले बहुतेक जण कुलाबा किल्ला पाहून परततात. पावसाळा टाळून, भरतीची वेळ कोळी बांधवांना विचारून एक सकाळ या बेटासाठी काढा, आणि तिथे कचरा टाकू नका.