लांताव बेटावरील बुद्धमूर्ती

हाँगकाँगला जाण्याचा योग आला, तेव्हा लांताव बेटावरील प्रचंड बुद्धमूर्ती पाहावी असे मनाने घेतले. धर्मगुरूने तेथे जावे काय, ही शंकाही सोबत होतीच.

तुंग चुंगहून २००६ साली सुरू झालेला रज्जुमार्ग सुमारे २५ मिनिटांत वर पोहोचवितो. मी मात्र बोटीने मुई वो गाठले व बस धरली. रस्ता प्रथम समुद्राच्या कडेने जातो, मग एका मोठ्या जलाशयाच्या बांधावरून वळून डोंगर चढू लागतो. एका वळणावर समोरच्या शिखरावर ती मूर्ती एकाएकी दिसली आणि बसमधील बोलणे थांबले.

वर १९०६ साली स्थापन झालेला पो लिन मठ आहे. मूर्ती १९९३ साली पूर्ण झाली. कांस्याचे २०२ भाग जोडून ती घडविली असून तिची उंची ३४ मीटर आहे. उजवा हात अभय देणारा, डावा मांडीवर. तिच्यापाशी जाण्यास २६८ पायऱ्या चढाव्या लागतात.

शंभर पायऱ्यांतच मला धाप लागली. शेजारी एक वृद्ध माता दर दहा पायऱ्यांवर टेकत चढत होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. मी हात पुढे केला, तिने तो धरला. वर पोहोचल्यावर तिने डोळे मिटून हात जोडले. मी आराधना केली नाही. पण टोपी काढून स्तब्ध उभा राहिलो. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, असे व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली सांगितले. ते वाक्य मी सेमिनरीत पाठ केले होते; त्याचा अर्थ त्या पायऱ्यांवर कळला.

निघताना मातेने पिशवीतून संत्रे काढले व अर्धे माझ्या हातावर ठेवले.

परतीच्या बोटीत संत फ्रान्सिस झेवियर आठवले. याच चीनच्या किनाऱ्यानजीक, शांगच्वान बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहात १९५२ च्या बरोबर चारशे वर्षे आधी, १५५२ साली, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्यात आपल्या आज्या उन्हात तासन् तास रांगेत उभ्या राहात. त्या मातेचा थकलेला हात मला अपरिचित का वाटला नाही, हे तेव्हा उमगले.