कुठला साइज आणू?



मागे लेस्टरहून भाच्याचा फोन आला. "मामा, येताना तुला इलेक्ट्रॉनिक सिगरेट आणतो. कुठला साइज आणू?"

आता मला काय कळणार साइज! मला माहीत 69 मिलिमीटरची साधी आणि 84 ची किंग साइज. आपलं सरकार करसुद्धा लांबी मोजूनच लावतं. मग त्याने शिकवणी घेतली. एक पेनाएवढी, शर्टाच्या खिशात मावणारी. दुसरी मुठीत धरायची डबी, बॅटरी मोठी, वाफ भरपूर. पण तिकडच्या कायद्याने टाकी 2 मिलिलिटरच्या वर नाही, आणि निकोटिन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर नाही. एकदाच वापरून फेकायच्या तर 1 जून 2025 पासून बंदच. म्हटलं, पेनाएवढीच आण. कामशेतच्या प्लॅटफॉर्मवर लोकलची वाट बघत पेन ओढतोय, असं चित्रही डोळ्यांसमोर आलं.

"पण इथे आणू देतात का?" ही म्हणाली. शोधलं, तर 2019 च्या कायद्याने आपल्याकडे बनवणं, विकणं, आयात करणं सगळंच बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साइज कुठलाही असो! तिकडे सिगरेट सोडायला डॉक्टर जी वस्तू सुचवतात, ती इकडे शाळकरी पोरांना चटक लागेल म्हणून बंद. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. पण भाच्याला विमानतळावर अडकवून मी कसली सिगरेट सोडणार?

खरं सांगू? मला हायसं वाटलं. साइज ठरेपर्यंत जुनी चालू ठेवायला मोकळा होतो ना!

भाचा रिकाम्या हाताने आला. सगळे मिळून कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेलो. निम्म्या पायऱ्यांवर मी बसकण मारली. त्याची सहा वर्षांची पोर वरून परत खाली आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, आपण दोघं हळू जाऊ." तिला धाप लागलेली नव्हती. ती फक्त माझ्यासाठी बसली होती.

दुसऱ्या दिवशी तळेगावला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात?"

"तासाभराने," मी म्हणालो.

"चहा उकळायच्या आधी!" ही म्हणाली.

अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर निकोटिनचा च्युइंगगम 4 मिलिग्रॅमचा, नंतर लागत असेल तर 2 चा. म्हणजे साइज होताच, फक्त तो ठरवायला खरं बोलावं लागत होतं. गम नेहमीसारखा चघळत राहायचा नाही. सावकाश चावायचा, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचा, चुरचुर कमी झाली की पुन्हा चावायचा. आमचे आजोबा तंबाखूचा बार धरायचे तसाच.

आज एकोणिसावा दिवस. अकराव्या दिवशी लोणावळ्यात पाऊस, गरम भजी आणि जुने मित्र एकत्र आले आणि एक ओढली. लपवत नाही. हिलाही घरी येऊन सांगितलं. ती काही बोलली नाही, गमचं पाकीट तेवढं पुढे सरकवलं.

असो. पुढच्या वर्षी भाचा परत येणार आहे. पायऱ्या तेवढ्याच असतील.