काढून टाकायची कमांड नाही

अँग्युलरमध्ये नवा कंपोनंट बनवायला एक ओळ पुरते: एनजी जनरेट कंपोनंट. एंटर दाबलं की चार फाइली हजर. तोच काढून टाकायला मात्र कमांड नाही. ते काम हातानं करायचं.

आमची साइट बियाण्यांची मागणी नोंदवते. तिच्यात एक फॉर्मचा कंपोनंट पडून होता, नाव ‘उस्मानाबाद’. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तेव्हा शेजारी नवा फॉर्म उभा राहिला आणि जुन्याची लिंक मेन्यूतून गेली. म्हणून सगळे त्याला मेलेला समजायचे. टीममध्ये एकाला तो आजच्या आज उडवायचा होता, दुसऱ्याला आठवण म्हणून ठेवायचा. मी तिथला, म्हणून दोघंही माझ्याकडे बघायचे. मला दोन्ही वाद बिनकामाचे वाटले. त्याला अजून कोण हाक मारतंय, एवढंच बघायचं होतं.

आधी वेगळी ब्रँच. मग क्लासचं नाव शोधलं, मग सिलेक्टर. टेम्प्लेटमध्ये कंपोनंट टॅगच्या नावानं येतो, क्लासच्या नाही. नुसतं क्लासचं नाव शोधून लोक ‘कुठेच वापर नाही’ म्हणून मोकळे होतात. मग मॉड्यूलमधलं डिक्लरेशन, राउट, टेस्ट. यातलं एखादं इम्पोर्ट राहिलंच, तर बिल्ड किंवा टेस्ट रन ओरडतो.

पण बिल्डला फक्त आपला कोड दिसतो. राउटचा पत्ता ही नुसती स्ट्रिंग. ती कुठल्या कागदावर छापलीय, हे टाइपस्क्रिप्टला कसं कळणार? सर्व्हरचे लॉग उघडले, तर जुन्या पत्त्यावर रोज माणसं येत होती. कळंब, भूम, तुळजापूरच्या दुकानांत चिकटवलेले जुने क्यूआर कोड! ऐन पेरणीत सोयाबीनच्या बियाण्यासाठी कुणी कोड स्कॅन केला आणि पांढरं पान आलं, तर तो तक्रार करत बसत नाही. त्याचा दिवस जातो, आणि वापशाच्या दिवसांत एक दिवस म्हणजे फार झालं.

आमचे पप्पा एसटीत अजून ‘एक उस्मानाबाद द्या’ म्हणतात. कंडक्टर काही न बोलता धाराशिवचं तिकीट देतो.

तेच केलं. जुना पत्ता राउटमध्ये ठेवला, पुढे रिडायरेक्टटू लावून नव्या फॉर्मकडे वळवला. चारही फाइली एकाच कमिटमध्ये गेल्या, म्हणजे गरज पडली तर रिव्हर्टही एकच. त्या पत्त्यावर सलग वर्षभर कुणी आलं नाही, की ती ओळही जाईल. परवाचा आकडा सतरा होता.