जिथे रक्त पोहोचत नाही

गुडघा हे धर्मगुरूच्या कामाचे हत्यार आहे, हे ध्यानात यायला आम्हाला वयाची पंचावन्न वर्षे लागली. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले, प्रवचन किती मिनिटांत आटोपावे तेही शिकवले (ते आम्ही शिकलो नाही, असे आमचे धर्मग्रामस्थ म्हणतात, ते असो). गुडघे कसे जपावेत हे मात्र कोणी सांगितले नाही. संतचरित्रांत तर उलटाच धडा सापडतो. यरुशलेमच्या धर्मसभेचा प्रमुख संत याकोब याच्याविषयी दुसऱ्या शतकातील हेगेसिप्पसने लिहिलेली एक नोंद युसेबियसच्या इतिहासातून आपल्यापर्यंत आली आहे. सतत गुडघ्यांवर राहून प्रार्थना केल्यामुळे त्याच्या गुडघ्यांना उंटाच्या गुडघ्यांसारखे घट्टे पडले होते, असे तो सांगतो.

आमच्या गुडघ्याला घट्टे पडले नाहीत. तो नुसताच कुरकुरू लागला. वेदीपुढे उजवा गुडघा टेकताना असा आवाज येई की वेदीसेवक मुले हसू दाबत. शेवटी परळच्या एका रुग्णालयात गेलो. तेथील अस्थिशल्यविशारद लालबागच्या चाळीत वाढलेले, बोलायला मोकळे. "वैद्यकाच्या पुस्तकांत 'धर्मगुरूंचा गुडघा' नावाचा आजार खरोखरच आहे, फादर," ते म्हणाले, "पण त्यात वाटीच्या खालच्या पिशवीला सूज येते. तुमचे तसे नाही. तुमची कूर्चा झिजली आहे."

कूर्चा आपल्या घरांतून सर्वांनी पाहिलेली असते. रविवारच्या मटणातील नळीच्या टोकावर जी निळसर पांढरी, गुळगुळीत टोपी असते, ती कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिलिमीटर, आणि वजनात निम्म्याहून बरेच अधिक पाणी. एवढ्याशा थरावर आपण उभे आयुष्य चालतो. तिच्यात मज्जातंतू नाही की रक्तवाहिनी नाही. पाऊल टाकले की ती दबते, उचलले की फुगते, आणि या दबण्या-फुगण्यातूनच सांध्यातल्या वंगणाचे पोषण तिच्यात मुरते. बोट कापले तर रक्त येते, गोठते, खपली धरते, खाली नवे मांस भरते. कूर्चेला चीर गेली तर रक्तच येत नाही. रक्त नाही म्हणून खपली नाही, आणि खपली नाही म्हणून भरणे नाही. 1743 साली विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला, त्यात नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असेच म्हटले होते. पुढे दोन शतके वैद्यकाला त्यावर फारसे काही सुचले नाही.

"मग आमचे काय?" आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, "खड्डा असेल तर बुजवता येतो. रस्ताच झिजला असेल तर बुजवणार काय?" वजन कमी करा, मांडीचे स्नायू बळकट करा आणि वेदीपुढे नुसते वाका, एवढ्यावर आमची बोळवण झाली. आमच्या गुडघ्याची कथा इथेच संपते. पुढची कथा खड्ड्याची आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण, वय एकवीस, कबड्डीत चढाई करणारा. आजोबा गिरणीत साच्यावर होते, 1982 च्या संपानंतर घरी बसले, वडील नाहीत, आई दोन घरी स्वयंपाक करते. क्रीडा कोट्यातून नोकरी लागेल या एका आशेवर ते घर उभे होते. एका सामन्यात पकड झाली, पाय मातीत रुतला आणि अंग वर फिरले. मांडीच्या हाडाच्या टोकावरील कूर्चेचा एक तुकडा निघाला; खड्डा दोन चौरस सेंटिमीटरहून थोडा लहान.

आईने पहिला प्रश्न केला, "वाजपेयींसारखा गुडघा बदलणार का, फादर?" 2000 च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या वर्षी उजव्यावर. तेव्हापासून मुंबईत गुडघा म्हटले की 'बदलणे' हेच क्रियापद लोकांच्या ओठांवर येते. पण धातूचा गुडघा उतारवयासाठी. एकवीस वर्षांच्या मुलाला तो बसवला तर जन्मात किती वेळा बदलावा लागेल?

त्याच्यासाठी दोन वाटा होत्या. एक वाट स्वीडनमधील गोटेनबर्गची. तेथे मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन व सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच गुडघ्याच्या निरोगी कोपऱ्यातून कूर्चापेशी घेतल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि खड्ड्यात पेरल्या. 1994 साली त्यांनी 23 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडावर दुरुस्ती झालेल्या 16 जणांपैकी 14 जणांना चांगला गुण आला. वाटीमागे दुरुस्ती झालेल्या 7 जणांपैकी मात्र दोघांनाच. अशा पेशींच्या उपचाराला 2017 साली आपल्या देशातही मान्यता मिळाली. पण तो या घराच्या आवाक्याबाहेर होता, आणि खड्डा लहान असल्याने डॉक्टरांना त्याची गरजही वाटली नाही.

दुसरी वाट अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी रूढ केलेली, आणि आम्हाला ती फार विलक्षण वाटली. दुर्बिणीतून गुडघ्यात शिरायचे, खड्ड्याच्या कडा साफ करायच्या आणि तळाच्या हाडाला टोच्याने तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक भोके पाडायची. त्या भोकांतून मज्जेतले रक्त वर येते आणि खड्ड्यात गोठते. जिथे निसर्गाने रक्त पोहोचू दिले नाही, तिथे माणूस ते जखम करून पोहोचवतो. त्या गाठीतील पेशींतून काही महिन्यांत नवा थर धरतो. तो मूळच्या कूर्चेइतका चिवट नसतो, पण थर असतो. मात्र तोवर त्या गाठीवर भार पडता कामा नये. डॉक्टरांनी बजावले: सहा आठवडे कुबड्या, गुडघा हलवायचा, पण त्यावर उभे राहायचे नाही.

शस्त्रक्रिया जुलैत झाली. तिसऱ्या दिवशी अंगात कसर आली म्हणून रक्त तपासले. आई धावत पाद्रीनिवासात आली. कागदावर सी.आर.पी. 38, आणि शेजारी छापलेले, 5 च्या आत हवे. तिला वाटले, पाय सडला. आम्ही डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले की हे प्रथिन यकृतात तयार होते. 1930 साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढते, आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढणे स्वाभाविकच. उतरत गेले म्हणजे झाले. आम्ही बाईंना धीर दिला आणि आपल्याला रक्ताचा अहवाल वाचता येतो, अशी आमची समजूत होऊन बसली.

परळच्या हवेत ही समजूत सहज वाढते. 1952 साली सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी जो रक्तगट जगापुढे आणला, तो आजही 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. अशा परिसरात रक्तापाशी सगळ्या प्रश्नांची उत्तरे असणार, असे आम्हाला वाटले तर नवल नाही.

तिसऱ्या आठवड्यात रविवारच्या मिस्सानंतर नवा कागद आमच्या हाती आला. सी.आर.पी. 3. देवालयाच्या पायरीवर, चारचौघांत, आम्ही तो वाचला आणि म्हणालो, "रक्त अगदी स्वच्छ आहे. पोरगा बरा झाला म्हणायचा!" मुलाने विचारले, "मग कुबड्या?" आम्ही म्हणालो, "डॉक्टरांना विचार, पण आता घाबरायचे कारण नाही." त्यातला पहिला अर्धा भाग त्याने ऐकला की नाही, देव जाणे. दुसरा ऐकला.

चौथ्या आठवड्यात तो कुबड्या खाटेखाली सारून तीन मजले उतरला आणि मैदानावर गेला. लहान पोरांना एक चढाई करून दाखवली. एकच. रात्री गुडघा नारळाएवढा झाला.

त्याची आई आम्हाला काही बोलली नाही. शेजारीण बोलली: "फादरांनीच तर सांगितलं होतं." आम्ही आयुष्यात पुष्कळांचे पापनिवेदन ऐकले आहे, त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत स्टुलावर बसून आम्ही आपले सांगितले. ते रागावले नाहीत, याचेच अधिक वाईट वाटले. गुडघ्यातील पाणी काढता काढता ते म्हणाले, "गिरणीचा भोंगा तुम्ही ऐकलाय ना, फादर? पाळी सुटली एवढेच तो सांगायचा. कापड किती विणून झाले, ते भोंग्याला काय ठाऊक? सी.आर.पी. म्हणजे तो भोंगा. दाह संपला. थर अजून धरायचाच आहे."

मग कूर्चेचे स्वतःचे काही रक्तात उतरत नाही का, असे आम्ही विचारले. उतरते, ते म्हणाले. स्वीडनमधीलच लुंड येथे डिक हाइनेगोर यांच्या संशोधकांनी 1992 साली 'कॉम्प' नावाचे एक प्रथिन वर्णिले. कूर्चा झिजू लागली की ते रक्तात वाढते. पण धडधाकट माणूस लांब पल्ला धावून आला तरी वाढते. शिवाय ते कोणत्या सांध्यातून आले हे रक्त सांगत नाही, आणि मोडतोडीमुळे वाढले की नव्या बांधकामामुळे, हेही नाही. त्यामुळे त्यावर संशोधन पुष्कळ चालते, पण 'आता पाय टेक' असे त्या आकड्यावरून कोणी डॉक्टर सांगत नाही. खड्डा किती भरला ते पाहायचे तर एम.आर.आय. काढायचा, नाहीतर पुन्हा दुर्बीण घालायची. ज्या जागी रक्त जात नाही, तिची बातमी रक्ताकडे मागायला आम्ही गेलो होतो.

त्याला पुन्हा सहा आठवडे खाटेवर काढावे लागले. आम्ही रोज सायंकाळी ते तीन मजले आमच्या कुरकुरत्या गुडघ्याने चढत असू. एका जिन्याला कठडा नाही. तो कॅरम मांडून बसलेला असे. आमच्याकडून हरवून घ्यायला त्याला आवडे, आणि आम्हाला मुद्दाम हरावे लागत नसे. सहाव्या महिन्यातील एम.आर.आय.मध्ये खड्ड्याचा दोन-तृतीयांश भाग भरलेला दिसला. ती चढाई झाली नसती तर पूर्ण भरला असता का, हे आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, सांगता येणार नाही. जानेवारीतील निवड चाचणी हुकली. तो सध्या मैदानाच्या कडेला बसून गुण लिहितो आणि एका दुकानात हिशेब पाहतो.

मागल्या शनिवारी तो पाद्रीनिवासात आला, पायरीला पायरी जोडत. हातात प्रयोगशाळेचे पाकीट होते. पुन्हा थोडी सूज वाटली म्हणून रक्त तपासले होते. पाकीट त्याने आमच्यापुढे धरले. आम्ही ते घेतले नाही.

"डॉक्टरांनी कधी बोलावलंय?"

"मंगळवारी, फादर. अकरा वाजता."

"सकाळची मिस्सा झाली की आम्हीही येतो. चालत नको, टॅक्सीने जाऊ."

"जवळ तर आहे, फादर. तुमच्यासाठी हवी असेल तर घेऊ," तो म्हणाला.