गव्हाला दुसऱ्यांदा निरोप

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये आमचे बिऱ्हाड आहे. यजमान पोलाद कारखान्यात नोकरीस. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन हा कारखाना उभारला गेला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे येऊन वसली. आमच्या रांगेतच पंजाबी, मल्याळी, तेलुगू आणि छत्तीसगढी घरे आहेत. या शेजाराचे ऋण माझ्या पोटावर कसे आहे, ते पुढे ओघाने येईलच.

माझे दुखणे तसे साधेच वाटे. जेवण झाले की पोट तट्ट फुगावयाचे, दिवसातून चार-पाच वेळा शौचास जावे लागावयाचे, वरचेवर तोंड यावयाचे. ओवा झाला, सुंठ झाली, बेलाचा मुरंबा झाला. कोणी अपचन म्हटले, कोणी आमांश, तर कोणी ‘फार मनाला लावून घेता’ असेही सांगितले. वजन मात्र उतरत होते आणि जिना चढताना धाप लागत होती. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिने लोटले तरी रक्त वाढेना.

2012 साली माहेरी नागपुरास गेले असता तेथील एका डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला : “गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नाही, तर ते लोह जाते कोठे?” त्यांनी रक्तातील प्रतिपिंडे तपासली आणि नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचे बारीक तुकडे काढून पाहिले. रोगाचे नाव निघाले सीलिएक.

गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते आणि अन्नातील सत्त्व तीच शोषून घेते. काही माणसांत जन्मजात अशी प्रवृत्ती असते की ग्लूटेन पोटात गेले म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा खवळते आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लव झिजून सपाट होते. मग ताटात कितीही चांगलेचुंगले वाढले तरी अंगी लागत नाही. रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात.

हा शोध फार जुना नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय पूर्वीच आला होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा सारा देश उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला आणि त्यांचे दुखणेही परतले. 1950 साली त्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले. आज उत्तर भारतात सुमारे शंभरांत एकाला हा विकार असल्याचे आढळते. त्यावर औषध नाही. जन्मभर गहू वर्ज्य करणे हाच उपाय.

मी पोळी सोडली, तरी पहिले सहा महिने पोट पुरते शांत होईना. मग एकेक चोर सापडू लागला. डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला होता. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू होते. चक्कीवर माझी ज्वारी गव्हाच्या पाठोपाठ दळली जात होती. आम्ही घरात लहान घरघंटी आणली, पोळपाट-लाटणे व तवा निराळे केले, बाजारच्या जिन्नसावर ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द पाहूनच घेऊ लागलो. (किलोमागे 20 मिलिग्रॅमहून कमी ग्लूटेन असले तरच हा शब्द छापता येतो.) तेव्हा कोठे चैन पडले. वर्षभरात आठ किलो वजन भरले.

आणि येथेच माझी चूक झाली. बरे वाटू लागले की माणूस पथ्याला विसरतो. 2016 साली दिराच्या लग्नात सासूबाई मायेने म्हणाल्या, “सूनबाई, एवढी एक पुरणपोळी खा, सणासुदीला काही होत नाही.” मी खाल्ली आणि खरोखरच काही झाले नाही! मग सणाची एक पोळी रविवारची झाली आणि पुढे रोजची. पोट पुन्हा कुरकुरू लागले, तेव्हा मी दोष वयाला दिला, उन्हाळ्याला दिला, पाण्याला दिला. गव्हाला मात्र दिला नाही.

2019 साली माझी मुलगी तेरा वर्षांची होती. तिची उंची दोन वर्षे जवळजवळ थांबली होती, चेहरा पांढुरका दिसे, आणि लोहाच्या गोळ्यांचा तिलाही गुण येईना. हे सारे मी पूर्वी कोठे पाहिले होते, ते सांगावयास नकोच. माझ्या वेळी डॉक्टरांनी बजावले होते की हा विकार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, मुलीचे रक्त तपासून घ्या. मुलगी धडधाकट दिसते म्हणून मी ते सात वर्षे लांबणीवर टाकले होते. आता तपासणी झाली आणि निदान तेच निघाले.

त्या रात्री तिच्यापुढे भाकरी ठेवली. तिने माझ्या ताटाकडे पाहिले आणि विचारले, “आई, तुलाही हाच आजार आहे ना? मग तू पोळी कशी खातेस?” मजजवळ उत्तर नव्हते. मी ताटातली पोळी उचलून बाजूला ठेवली. तो माझा गव्हाला दुसरा निरोप. पहिला मी स्वतःसाठी दिला होता म्हणून मोडला. हा अजून टिकून आहे.

या वेळी शेजार धावून आला. छत्तीसगढ तर भाताचाच मुलूख. पलीकडच्या छत्तीसगढी बाईंनी तांदळाचा चीला, वाफवून फोडणी दिलेला फरा आणि पानांत भाजलेली अंगाकर रोटी शिकविली. मल्याळी शेजारणीने पुट्टू, तेलुगू वहिनींनी मुगाचा पेसरट्टू दिला; पंजाबी मावशींची मक्याची रोटी तर मुलीची आवडती झाली. आपलीही घरे काही रिती नाहीत : ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणीची आंबील, घावन, उकडीचे मोदक. उपवासाची वरई, राजगिरा आणि शिंगाडा हे तर निर्धास्त. आम्ही त्याग करतो आहोत, असे मुलीला वाटेनासे झाले.

वर्षाअखेरीस दोघींच्या रक्तातील प्रतिपिंडे बरीच खाली आली. मुलगी दारामागच्या भिंतीवर उंचीची रेघ ओढून घेई. त्या रेघा पुन्हा वर सरकू लागल्या.

वाचक भगिनींना एकच सांगणे आहे. पोटाचे दुखणे महिनोन्महिने रेंगाळत असेल, तर घरगुती उपायांवर वर्षे घालवू नका, आणि मनाने गहू सोडूनही बसू नका. आधी पोळी सोडली तर तपासणीत रोग लपून राहतो. म्हणून प्रथम डॉक्टर, मग पथ्य. निदान झालेच तर लेकराबाळांचीही तपासणी करून घ्या. मी ती सात वर्षे टाळली. दारामागच्या भिंतीवर एकाच जागी घोटाळलेल्या दोन वर्षांच्या रेघा आजही आहेत. गेल्या दिवाळीत रंगारी आला, तेव्हा तेवढी भिंत मी त्याला रंगवू दिली नाही.