साहेबांच्या फोनमधली चाल

वाचकहो, गेल्या खरिपातली गोष्ट. एका गावी कपाशीच्या रानात आमची शेतीशाळा चालू होती. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे लावावेत, त्यातले पतंग रोज कसे मोजावेत, हे मी हातात सापळा धरून समजावून देत होतो. तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाईल वाजला. बांधावर आजोबांशेजारी बसलेला आठ-नऊ वर्षांचा पोरगा टुणकन उठला आणि ओरडला, "मारिओ! साहेबाच्या फोनात मारिओ!" बायामाणसे तोंडाला पदर लावून हसू लागली. त्याचे आजोबा म्हणाले, "साहेब, तुमच्या फोनात मला वाटलं अभंग असंल."

मी फोन बंद केला आणि पुन्हा बोंडअळीकडे वळलो. पण त्या दिवशी गावातून परतताना मनात आले की एकदा हे सांगून टाकावे. पन्नाशी उलटलेला, अर्धे आयुष्य माती-परीक्षणाच्या पिशव्या आणि पीक-पाहणीचे तक्ते वाहण्यात गेलेला मी मनुष्य; माझ्या खिशात एका जपानी खेळाची चाल कशी आली, ते तुम्ही ऐकून घ्या. तुमच्याही घरात पोरे दिवसभर मोबाईलवर खेळत असतील आणि त्यातून येणाऱ्या ट्याँव-ट्याँव आवाजाने तुमचे डोके उठत असेल, म्हणूनही सांगतो.

सन २००६ च्या दिवाळीत आम्ही तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. आठवड्याच्या बाजारात एक टीव्ही गेम मिळे. काळे खोके, दोन वायरींना दोन रिमोट, आणि वरून खुपसायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेले असे, ९९९९ खेळ. प्रत्यक्षात खेळ निघत पंधरा-वीस आणि तेच पुन्हा पुन्हा. माल नकली होता, पण त्यातला एक खेळ अस्सल होता. मिशाळ, टोपीवाला एक नळकाम करणारा गडी पळतो, उड्या मारतो, कासवांना तुडवतो, नाणी गोळा करतो. तोच मारिओ.

क्वार्टर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत पोरगा खेळे आणि आतल्या खोलीत मी दिव्याखाली कागद लिहीत बसे. भिंतीतून ती चाल येत राही. पहिले दोन दिवस मी कावलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की माझा पाय जमिनीवर ठेका धरतो आहे. माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवीत. मला पेटी आली नाही, पण कान त्यांच्याकडून आला आहे. त्या कानाला कळले की ही चाल कोणी जाणत्या माणसाने बांधलेली आहे.

त्या माणसाचे नाव कोजी कोंडो. जपानच्या नागोया शहरी १९६१ साली जन्मलेला. १९८४ मध्ये तो निन्टेन्डो या कंपनीत लागला आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ बाजारात आला. खेळ रचणारे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका, चाली कोंडोच्या. तेव्हा त्याचे वय चोवीस. त्या वयात मी खात्यात नुकताच चिकटलो होतो आणि मला साधा फेरोळ्यांचा अहवाल नीट लिहिता येत नव्हता.

आता त्याला वाद्ये कोणती मिळाली ते पाहा. आपल्या लग्नात ताफा येतो तेव्हा दोन सनईवाले, एक सूर धरणारा आणि एक संबळवाला असतो ना? जवळजवळ तेवढेच त्या यंत्रात होते. वरच्या सुराचे दोन आवाज, खालच्या जाड सुराचा एक, आणि एक नुसता खसखस करणारा, ज्यातून ढोल-झांजेचा भास करायचा. पाचवी एक सोय होती, पण या खेळात ती वापरलेली नाही. एवढ्या चौघांच्या जिवावर सगळा कारभार. त्यातही मारिओने उडी मारली किंवा नाणे उचलले की त्या 'टिंग'साठी सनईवाल्यांपैकी एकाला क्षणभर उसना घ्यायचा, आणि तेवढा वेळ चालीतला त्याचा सूर गप्प. तुम्ही कान देऊन ऐकलेत तर ती पोकळी कळते. सबंध खेळ, चित्रे आणि चाली धरून, चाळीस किलोबाईटमध्ये बसवलेला होता. तुम्ही पिकावरच्या रोगाचा मला जो फोटो पाठवता, तो एकटाच बहुधा याहून मोठा असतो.

पण मला भावली ती गोष्ट वेगळी. कोंडोने आधी या खेळासाठी दुसरीच एक चाल केली होती. ती खेळाला लावून पाहिली तेव्हा गड्याच्या पळण्या-उडण्याशी तिचा मेळ बसेना. म्हणून त्याने ती सोडून दिली आणि खेळणाऱ्याच्या हाताच्या गतीवर नवी बांधली. आता आठवा, आपल्याकडे मोटेवरची गाणी कशी होती? बैल मागे सरताना एक लय, मोट भरून पुढे ओढताना दुसरी. जात्यावरची ओवी दगडाच्या फेऱ्याबरोबर चाले. माझी आजी जाते सोडून ओवी म्हणायला बसली तर अडखळे. हात फिरू लागला की आपोआप येई. कोंडोला हे कोणी सांगितले नसेल, पण त्याने केले ते त्याच जातीचे काम.

खेळात जमिनीखालच्या भुयारात गेले की चाल खालच्या पट्टीत जाते, चार पावले टाकते आणि थबकते. पाण्यात शिरले की तीन-तीनच्या झोक्याची होते. मला तर दादऱ्याची आठवण येई. राक्षसाच्या गढीत जीव टांगणीला लावणारे सूर. आणि घड्याळातले आकडे शंभराच्या खाली आले की एक इशारा वाजतो आणि तीच चाल जास्त घाईने धावू लागते. वीज जायला पंधरा मिनिटे उरली आणि शेवटचा वाफा भिजायचा राहिला, की आपली जी तारांबळ होते, अगदी तीच. आत बसून मी सौ.ला सांगत असे, "आता पाण्यात गेला," "आता गढीत शिरला." ती म्हणे, "अहो, तुम्ही अहवाल लिहिताय की काय करताय?"

मग सहामाही परीक्षा झाली. दोन विषयांत लाल रेघ. शाळेतून निरोप आला. मी संतापलो, खोके उचलले आणि लोखंडी कपाटात घालून कुलूप लावले. म्हणालो, "वार्षिकला पास हो, मग बघू."

पोराने हूं की चूं केले नाही. रडला असता, आदळआपट केली असती, तर मला बरे वाटले असते. तो पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत बसू लागला आणि आतल्या खोलीत मी. मध्ये भिंत, आणि भिंतीतून काहीच येत नव्हते. आठ दिवसांत मला उमगले की माझे कामाला हात लागत नाहीत. रोज संध्याकाळी कान त्या चालीची वाट पाहत. पण कुलूप मीच लावलेले. बापाने माघार कशी घ्यायची? वार्षिकला तो पास झाला, चांगला झाला. तोवर माझी बदली झाली, सामान बांधले गेले, खोके ट्रंकेत गेले आणि राहून गेले. खरे सांगायचे तर राहून गेले नाही. मी ते काढले नाही. त्यानेही मागितले नाही.

पुढे तो शिकला, पुण्याला नोकरीला लागला. आमचे बोलणे फोनवर, आणि तेही "जेवलास का," "पाऊस आहे का," एवढेच. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेच असेल.

करोनाच्या काळात तो घरून काम करायला गावी आला होता. २३ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिकचा पहिला दिवस. आपल्या साताऱ्याच्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव आणि बीडचा धावपटू अविनाश साबळे या ऑलिंपिकसाठी निवडले गेले होते, म्हणून आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. देशोदेशीचे पथक येऊ लागले आणि वाद्यवृंद वाजू लागला. पोरगा एकदम ताठ झाला. म्हणाला, "अण्णा, हे गेममधलं आहे! ड्रॅगन क्वेस्ट!" खरेच होते. कोइची सुगियामा या संगीतकाराने खेळासाठी केलेली ती चाल. त्यानंतर सगळ्या संचलनात जपानी खेळांमधल्याच चाली वाजत राहिल्या. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन निघाले तो सोहळा तुम्हीही पाहिला असेल. म्हणजे ही चाल तुम्हीही ऐकलेली आहे. पोराने मला सांगितले की या सुगियामाने १९८७ सालीच खेळांच्या चालींची मैफल मोठ्या वाद्यवृंदाकडून करवली होती. आम्ही त्या रात्री तासभर बोललो. इतके आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. मी एवढेच विचारले, "मग मारिओची नाही लावली?" ती त्या संचलनात नव्हती. तो माझ्याकडे बघत राहिला, पण काही म्हणाला नाही.

एप्रिल २०२३ मध्ये त्याचा फोन. "अण्णा, मारिओचा सिनेमा आलाय. तुम्ही याल का?" मी रजा टाकली आणि एस.टी.ने पुण्याला गेलो.

या सिनेमाआधी १९९३ मध्ये अमेरिकेत मारिओवर एक सिनेमा निघाला होता. खरी माणसे घेऊन केलेला. खेळातला रंगीत मुलूख सोडून त्यांनी एक काळेकुट्ट, डायनासोरांचे शहर उभे केले आणि तो साफ आपटला. मुलाने मला त्याचा तुकडा दाखवला; बियाणे एकाचे आणि पिशवी दुसऱ्याची, असला प्रकार. त्यानंतर तीस वर्षे मोठ्या पडद्यावर मारिओ आला नाही. २०२३ चा सिनेमा मात्र चित्रांचा, आणि स्वतः निन्टेन्डोने लक्ष घालून केलेला. त्याचे संगीत ब्रायन टायलर याचे, पण त्याने कोंडोच्या चाली जागोजाग पेरल्या आहेत. कोंडोही त्या कामात होता.

अंधारात मी बसलो होतो. इंग्रजी बोलणे अर्धे डोक्यावरून जात होते. मारिओ आणि त्याचा भाऊ लुईजी, ब्रुकलिनमधले नळकाम करणारे, कामाला उशीर झाला म्हणून रस्त्याने पळत सुटतात, आडव्या वासांवरून, भिंतींवरून, अगदी खेळातल्यासारखे. आणि वाद्यवृंदातून ती चाल उठली. चार गरीब आवाजांवर ऐकलेली चाल शेकडो तारांवर आणि शिंगांवर! गावच्या ओढ्याला पूर आलेला पाहावा तसे झाले. पुढे भुयाराची चाल आली. मी नकळत म्हणालो, "हे जमिनीखालचं." मग आणखी एक ओळखली. मुलगा पडद्याकडे बघायचे सोडून माझ्याकडे बघू लागला.

सिनेमातले सगळेच मला रुचले असे नाही. मध्ये मध्ये १९८० च्या दशकातली गाजलेली इंग्रजी गाणी चिकटवली आहेत. घरची इतकी चांगली सनई असताना डीजे कशाला? आणखी एक गोष्ट खटकली. त्यात डाँकी काँग नावाच्या माकडाचे एक जुने गाणे वाजते, १९९९ च्या एका खेळातले. शेवटच्या नामावळीत खेळाचे नाव आले, पण ज्याने ते केले त्या ग्रँट कर्कहोपचे आले नाही, आणि त्याने ते बोलून दाखवले. पिकवणाऱ्याचे नाव पोत्यावर कधी येत नाही, हे आपल्याला नवीन नाही, म्हणून मी त्याच्या बाजूचा.

योगायोग असा की त्याच महिन्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कोंडोची ही चाल आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतली. व्हिडिओ गेमची चाल तिथे जाण्याची ती पहिलीच वेळ.

बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला. मुलाने विचारले, "अण्णा, तुम्हाला सगळ्या चाली कशा माहीत?"

"भिंतीआडून ऐकायचो की."

"रोज?"

"रोज."

त्याने कप खाली ठेवला. "मग परत का नाही दिलंत?"

वाचकहो, चर्चासत्रात तुम्ही मला हजार प्रश्न विचारता आणि मी काहीतरी उत्तर देतोच. इथे मला देता आले नाही. मी म्हणालो, "चुकलं." तो बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. मग माझा फोन मागून घेतला, पाच मिनिटे काहीतरी खटपट केली आणि परत दिला. एस.टी.त बसल्यावर सौ.चा फोन आला तेव्हा मला कळले त्याने काय केले ते.

गेल्या महिन्यात ट्रंक उघडली. जुन्या माती-परीक्षणाच्या पावत्यांखाली खोके आहे, पिवळी कॅसेट आहे, एका रिमोटची वायर उंदराने खाल्ली आहे. दुसरा शाबूत आहे. अ‍ॅडॅप्टर तेवढा गेला. तालुक्याला रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे टाकला आहे. तो म्हणतो, नऊ व्होल्टचा आहे, दिवाळीपर्यंत मिळेल.