पाण्याशी वैर

उजव्या अंगठ्याचा सांधा आता लाटणं धरू देत नाही. त्यामुळे शनिवारी ओळखीच्यांसाठी जे बरीटो करते, त्यांच्या पोळ्या हल्ली भाची लाटते. नोकरीसाठी बेळगावहून बेंगळुरूला आली, आमच्याकडेच मल्लेश्वरमला राहते. निम्मा मैदा, निम्मी कणीक, मोहन, कढत पाणी हे तिला एकदाच सांगावं लागलं. घडी घालायची नाही, हे मात्र तिच्या हाताला पटेना. घडीच्या पोळीला पदर सुटले की आपण लाटणारीला शाबासकी देतो. बरीटोत त्याच पदरांमध्ये रस शिरतो आणि पोळी बुडाशी फाटते. लाटणं सुटल्यामुळे मी आता सगळा वेळ सारणापाशी असते, आणि सारणात मला एकच गोष्ट छळते. पाणी.

बरीटो मिळमिळीत लागला की लोक मसाला वाढवतात. मी चाखते तेव्हा मसाला बहुतेक वेळा पुरेसा असतो, पाणी जास्त असतं. राजम्याचा रस, भाताची वाफ, मिठाने कांद्याला सुटलेलं पाणी, हे सगळं पोळीत कोंडलं जातं. आंबट, तिखट, खमंग असं जे वेगवेगळं करून ठेवलेलं असतं ते थोड्याच वेळात एकमेकांत उतरतं आणि प्रत्येक घास सारखाच लागतो.

टोमॅटोने तर मला वर्षानुवर्षं झुंजवलं आहे. इथल्या बाजारात नाटी टोमॅटो मिळतो, पातळ सालीचा, आंबट, रसाने भरलेला. शेजारीच हायब्रिड असतो, जाड गराचा, प्रवासात न फुटणारा, चवीला निम्मा. सोय हायब्रिडमध्ये आहे, पण मी नाटीच घेते. बिडाच्या तव्यावर तेल न घालता साल काळी पडेपर्यंत ते भाजायचे, मोडून मीठ लावायचं आणि चाळणीवर ठेवायचे. खाली जे गळतं ते ओतून द्यायचं नाही, कारण टोमॅटोची निम्मी चव त्यातच असते. तेलात परतलेली बेडगी त्या पाण्यात भिजवून वाटते आणि ते वाटण कढईत आटवते. चमचा फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर उघडा राहिला पाहिजे. तळ लगेच झाकला गेला तर अजून वेळ आहे. कडेला तेल दिसू लागलं की वाटणातलं थोडं भाताला लावते, उरलेलं राजम्यात जातं, आणि चाळणीवरचा गर अगदी शेवटी, कोथिंबीर-लिंबासकट.

बेडगीबद्दल मी हट्टी आहे. मेक्सिकोत अँचो, ग्वाहियो अशा सुक्या मिरच्या तिखटापेक्षा रंगासाठी आणि वासासाठी वापरतात. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची सुरकुतलेली मिरची ते काम चोख करते. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण गृहिणींनी तिला त्याच्या कितीतरी आधी मान दिलेला होता. तेलात टाकली की फुगते आणि उजळते, तेवढ्यात काढायची. काळसर झाली तर सगळी कढई कडू होते. तिखटपणा हवा असेल तर एखादी गुंटूर.

थंडीत मी राजमा बंद करते. अवरेकाळू, म्हणजे इथले पावटे, येतात, आणि भिजवून साल काढलेल्या त्या दाण्यांना जो उग्र वास असतो, तो राजम्याला कधीच येणार नाही. शिवाय ते शिजून फार पाणी सोडत नाहीत. कांद्यावर परतून, अर्धे चेचून, अर्धे अख्खे ठेवून पाहा.

या शहराला बरीटोची सवय लावली ती दुकानांनी. बर्ट म्यूलर या अमेरिकन तरुणाने २०१२ साली कॅलिफोर्निया बरीटो इथेच सुरू केलं. समोर उभं राहून काय हवं ते सांगायचं, ही पद्धत लोकांना आवडली, आणि त्यात मलाही काही वावगं वाटत नाही. माझा राग आहे तो त्यानंतर गल्लोगल्ली जे निघालं त्यावर. कोबी, फ्रेंच फ्राइज आणि वरून पिळलेलं मेयोनेज. मेयोनेज जिभेवर थर देतं आणि आतलं न आटलेलं पाणी झाकतं. आटवायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणाला द्यायचा नाही. मोठा, भाताने ठासलेला बरीटो सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात वाढला. उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरात पोळी पातळ असते आणि आत एखाददुसराच पदार्थ. माझं मन सोनोराकडे आहे. गिऱ्हाइकांना भात हवा असतो म्हणून घालते, पण मोकळा करून, परातीत पसरून, गार करून.

आणि मला कौतुक लागतं. बरीटो तव्यावर दुमड खाली ठेवून शेकला की मी तो तिरका कापते, ते खाणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. आतला प्रत्येक थर सुटा दिसावा, कोणीतरी थांबून पाहावं, यासाठी. डबा घ्यायला आलेल्यांना मी दारातच पहिला घास घ्यायला लावते आणि त्यांचा चेहरा बघत उभी राहते.

पावसाळ्यात कूर्गचं बटर फ्रूट, म्हणजे अव्होकाडो, येतं. मोठं, गुळगुळीत, हिरवं. परदेशी हास जातीपेक्षा त्यात तेल कमी आणि पाणी जास्त. त्याचा ग्वाकामोले तासाभरात सुटतो. मी मीठ उशिरा घातलं, फडक्यात बांधून ठेवलं, पण पाण्याबरोबर वासही जातो. भाचीने मला न विचारता त्यात भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट घातलं. पाणी आत ओढलं गेलं, कमी पडणारा तेलकटपणाही आला. मेक्सिकोतही भोपळ्याच्या बिया भाजून, वाटून रस दाट करतातच, तेव्हा हे काही परकं नव्हे. त्या शनिवारी तिघांनी फोन करून ग्वाकामोलेचं विचारलं. कूट तिचं आहे हे मी फक्त तिसऱ्याला सांगितलं.

आता मला कुटाऐवजी तीळ घालून बघायचे आहेत, कारण दाण्याची चव बटर फ्रूटच्या नाजूक वासावर बसते. भाची म्हणते, मावशी, सुकं खोबरं घालू. खोबऱ्याला माझा विरोध आहे. जिरं, लिंबू आणि खोबरं एकत्र आलं की आपण थेट भाजीवर जाऊन पोचतो, आणि मग बेडगी एवढी सांभाळून परतण्याला अर्थ राहत नाही. या शनिवारी दोन वाट्या करणार आहोत, तिची वेगळी, माझी वेगळी.